पाकिटाला डिंक लावून द्या

प्रश्न : सिस्टर, जय ख्रिस्त. आम्ही मूळचे राहात्याकडचे, बारा वर्षं झाली पुण्यात चंदननगरला राहतो. मुलगी २२ वर्षांची आहे, बी.कॉम. झाली. कॉन्व्हेंटात जाऊन सिस्टर व्हायचं म्हणते. तिचे वडील गप्प आहेत. शेजारीण म्हणते, आत गेली की गेली, घरी पाठवत नाहीत, नावावरचं सगळं संस्था घेते. इतकी वर्षं तिथं नक्की करतात तरी काय? – एक आई

उत्तर : ताई, तुमची शेजारीण अर्धी खरी आहे. आधी तो खरा अर्धा सांगते. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही आमची तीन व्रतं. ती घेतल्यावर मुलगी शिक्षिका झाली, नर्स झाली, तर पगार संस्थेचा. पुढे पेन्शन आली तर तीही संस्थेची. माझ्याकडे आजवर स्वतःचं एटीएम कार्ड नाही. घरच्या मालमत्तेची गोष्ट मात्र वेगळी. सिस्टरांच्या बहुतेक संस्थांत पहिल्या व्रतांआधी मुलगीच ठरवते की आपल्या मालमत्तेचा कारभार कुणी बघायचा. भावाकडे दिला तरी चालतो. मालकी तिचीच राहते. अखेरच्या व्रतांआधी मृत्युपत्र करावं लागतं, तेही देशाच्या कायद्यात टिकेल असं. हे कॅथलिक चर्चच्या १९८३च्या कायद्यात, ज्याला आम्ही कॅनन लॉ म्हणतो त्यात, लिहिलेलं आहे. मी डोळ्यांनी पाहिलंय ते भलतंच. भेटीच्या खोलीत सख्खे भाऊ हक्कसोडपत्राचा स्टॅम्पपेपर घेऊन बसलेत आणि पोरगी खालमानेनं सही करतेय. राहात्याला तुमची जमीन असेल तर मुलीला एवढं सांगा, कुणीही कागद पुढे केला तरी घाईनं सही करू नको.

आता वर्षांचा हिशेब. सुरुवातीचा काळ कॅन्डिडेट आणि पोस्ट्युलंट, म्हणजे उमेदवार, म्हणून जातो, तो संस्थेप्रमाणे कमीजास्त. मग नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीचा शिकण्याचा काळ. त्यातल्या मुलीला नोव्हिस म्हणतात. त्याला वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत, शिवाय बाप्तिस्म्याचा, दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) आणि अविवाहित असल्याचा दाखला. नोव्हिशिएट किमान १२ महिने, दोन वर्षांवर सहसा नाही. त्यानंतरची पहिली व्रतंही तात्पुरती, तीन ते सहा वर्षांची, फार तर नऊ. मग अखेरची. म्हणजे तुमची मुलगी आज गेली तर जवळजवळ तिशीपर्यंत तिला विचार करायला वाव आहे. आपल्याकडे लग्न कांदेपोह्यांच्या दोन बैठकांत ठरतं.

नोव्हिशिएटच्या त्या १२ महिन्यांत घरी येणं कमी, हे खरं. तीन महिन्यांहून जास्त बाहेर राहिली तर ते नोव्हिशिएट धरतच नाहीत. पंधरा दिवसांवर गेलं तर तेवढे दिवस भरून काढायचे. पण आई दवाखान्यात आहे आणि मुलीला सोडलं नाही, असं कुठे झालं तर तो दोष नियमाचा नाही, तिथल्या माणसांचा.

करतात काय? मी १९७४ साली आले, १९ वर्षांची होते. संगमनेरहून एस.टी.नं शिवाजीनगर स्टँडवर उतरलो, मी आणि माझे वडील. पत्र्याची ट्रंक, गोधडी, ताट-तांब्या. ७२चा दुष्काळ नुकताच सरला होता. आईनं आणि वडिलांनी दुष्काळी कामावर खडी फोडली होती. गावात लोक उघड म्हणत होते, पोरीला दोन वेळचं मिळेल म्हणून पाठवतोय. पहिल्याच आठवड्यात आमच्या नोव्हिस मिस्ट्रेसनं, म्हणजे नव्या मुलींना घडवणाऱ्या सिस्टरनं, मला बोलावलं आणि सरळ विचारलं, "पोट भरेल म्हणून आलीस का?" मी घाबरून म्हणाले, "हो, तेही आहे." त्या हसल्या. म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. आता बाकीचं काय आहे ते वर्षभर शोधू." ताई, नोव्हिशिएटमध्ये हेच करतात. प्रार्थना असते, बायबल असतं, संस्थेचे नियम शिकवतात, झाडलोट आणि भांडी असतातच. पण मुलगी का आली आणि का राहणार, हे तिचं तिला कळावं म्हणून तो वेळ मोकळा ठेवलेला असतो. त्या वर्षात कॉलेज नाही, नोकरी नाही.

आणि न निवडलेल्या माणसांबरोबर राहायचं असतं. आमच्यात एक केरळची, दोघी मंगळूरच्या, एक झारखंडकडच्या छोटा नागपूरची आणि मी. खोबरेल तेलाच्या वासानं मला पहिले पंधरा दिवस मळमळायचं. मी लसणाचा ठेचा केला की केरळची खोकत बाहेर जायची. देवासाठी घर सोडणं सोपं गेलं, ताई, भाकरीवरून भांडायचं थांबायला दोन वर्षं लागली.

पुढे मी स्वतः ११ वर्षं नोव्हिस मिस्ट्रेस होते. तेव्हाची माझी एक चूक सांगते, म्हणजे तुम्हाला कुठे बघायचं ते कळेल. जुन्या पद्धतीप्रमाणे मुली घरी पत्रं लिहायच्या ती उघडी माझ्याकडे द्यायच्या. मी वाचायचे आणि मग पाकीट बंद करायचे. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, माझीही पत्रं अशीच वाचली गेली होती. एका मुलीची पत्रं फार छान असायची. प्रार्थना आवडते, सिस्टर प्रेमळ आहेत, जेवण उत्तम. आठ महिने हेच. मग एका पहाटे ती कपडे वाळत घालायच्या तारेखाली बसून रडताना दिसली. तिला पहिल्या महिन्यापासून घरी जायचं होतं. गावात वडिलांनी मांडव घालून जेवण दिलं होतं, म्हणून तोंड उघडत नव्हती. आणि पत्रात लिहिणार कशी? वाचणारी मी. त्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं, यापुढे पाकिटाला डिंक लावून द्या. तिला सोडायला मीच गेले. नारायणगावला बस थांबली तेव्हा ती आठ महिन्यांत पहिल्यांदा मोठ्यानं हसली. कशावरून ते आता आठवत नाही.

नोव्हिस कधीही मोकळेपणी निघून जाऊ शकते, हा तिचा हक्क आहे. पण कागदावरचा हक्क आणि मांडवाचं ओझं यांत ओझं जड भरतं. म्हणून तुमच्याकडे कळकळीची विनंती. मुलगी जाईल तेव्हा मांडव घालू नका, बॅनर तर मुळीच नको. गोडाचं करा, पाठवा, आणि सांगा की तुझी कॉट हलवणार नाही.

आणखी एक. ती ज्या संस्थेत जाणार आहे तिथे एकदा न कळवता जा. चॅपल, म्हणजे प्रार्थनाघर, बघू नका, चॅपल सगळीकडे छानच असतं. स्वयंपाकघरात बाई असेल तिच्याशी सिस्टर कशा बोलतात ते ऐका. मग विचारा, गेल्या काही वर्षांत किती जणी सोडून गेल्या आणि त्यांतल्या कुणी नाताळला भेटायला येतात का. सोडून जाणारीला केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही. पण तिच्याशी न्यायानं आणि ममतेनं वागावं, असं कॅनन लॉ संस्थेला बजावतो. ही ममता काही ठिकाणी बसचं तिकीट आणि एक पाकीट एवढीच असते. दहा वर्षं शाळा सांभाळलेल्या बाईला एवढ्यात काय होतं? मी हे आमच्या बैठकीत बोलले आहे आणि अजून बोलते.

तिच्या वडिलांना बोलतं करा, फक्त तिच्यासमोर नको. माझे वडीलही गप्पच होते. स्टँडवर दहा रुपये हातात कोंबले आणि परतीच्या गाडीत जाऊन बसले. नंतर दरवर्षी ज्वारीची गोणी घेऊन यायचे.

प्रश्न : सिस्टर, प्रश्न आगाऊ वाटला तर सोडून द्या. मी नारायण पेठेतला, हिंदू, वय ६६. लहानपणी कॅम्पात पायघोळ झग्यातल्या सिस्टर दिसत. आता कुणी साडीत, कुणी पंजाबी ड्रेसमध्ये. ओळखायचं कसं? तुमच्या अंकात 'साक्ष' हा शब्द सारखा येतो, म्हणजे आपल्या जगण्यातून श्रद्धा दाखवणं, असं मी समजतो. वेशच गेला तर साक्ष ती काय उरली?

उत्तर : आगाऊ कसला, भाऊ, आमच्या बैठकीतही यावर आवाज चढतात. व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी आमच्यासारख्यांसाठी एक आदेश काढला. त्यात वेशाबद्दल म्हटलं आहे की तो साधा, गरिबीला शोभणारा असावा आणि काळाला, जागेला, प्रकृतीला मानवणारा असावा. युरोपच्या थंडीसाठी शिवलेला लोकरी झगा मे महिन्यात पुण्यात घालून कुणाची प्रकृती सुधारणार? वेश गेला असं मात्र नाही. प्रत्येक संस्थेनं आपला वेश ठरवायचा आणि सदस्यांनी तो घालायचा, असाच नियम आजही आहे. मदर तेरेसांनी निळ्या काठाची साडी नेसली ती १९४८ साली. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मगुरू तर १६१६मध्येच 'ख्रिस्तपुराण' मराठी ओवीत लिहून मोकळे झाले होते. आम्हाला साडी नेसायला त्यानंतर तीनशे वर्षांवर लागली! तुमच्या पेठेपासून जवळच, शिवाजीनगरला, १९२७ साली अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, मंडळींनी ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम काढला. तिथे सत्तरच्या दशकात कॅथलिक आणि अँग्लिकन सिस्टर एकत्र राहत होत्या. ही माणसं रोमच्या कापडापेक्षा इथल्या मातीकडे बघत होती.

वेशाचा मला फायदा होतो, हे कबूल करते. पीएमपीच्या बसमध्ये जागा मिळते. पण एकदा मंडईत मी मेथीच्या जुडीवरून पाच रुपयांसाठी हुज्जत घालत होते. आम्ही दारिद्र्याचं व्रत घेतलेल्या, काटकसर करायचीच, असं माझं पक्कं मत. भाजीवाली माझ्या पांढऱ्या साडीकडे बघून म्हणाली, "सिस्टर, पाच रुपयांनी तुमचं मिशन बुडायचं नाही. माझा दिवस बुडंल."

तुम्ही साक्ष म्हणालात म्हणून सांगते. कोर्टात साक्षीदार नुसतं बोलून सुटत नाही, त्याची उलटतपासणी होते. माझी त्या दिवशी मंडईत झाली, आणि वेश अंगावर असल्यामुळेच झाली. साध्या साडीतल्या बाईला ती असं म्हणाली नसती. म्हणून मी वेश सोडलेला नाही. घासाघीस सोडली आहे, निदान पालेभाजीपुरती.

प्रश्न : मी तात्पुरत्या व्रतांच्या तिसऱ्या वर्षात आहे, वसतिगृहात काम करते. दिवस आधार कार्ड, शिष्यवृत्तीचे फॉर्म आणि गॅस सिलिंडर यांत जातो. ही कसली साक्ष? शिवाय सुपीरियर, म्हणजे आमच्या घराच्या प्रमुख सिस्टर, दर आठवड्याला बोलावून मनातलं सगळं सांगायला लावतात. आज्ञापालनाचं व्रत आहे म्हणून सांगते, पण नंतर झोप लागत नाही. – नाव छापू नये

उत्तर : अगं, दुसरं आधी. सुपीरियरला तुझा अंतरात्मा उघडा करायला लावता येत नाही. कुठल्याही प्रकारे त्यासाठी भरीला घालायला कॅनन लॉनं त्यांना मनाई केली आहे. तुला आपणहून, विश्वासानं सांगावंसं वाटलं तर सांग. आज्ञापालनाचं व्रत म्हणजे कुठे काम करायचं, कुठलं करायचं, ते ऐकणं. मनाची झडती देणं त्यात येत नाही. पुढच्या वेळी म्हण, "सिस्टर, कामाचं सगळं सांगते, आतलं मी माझ्या आध्यात्मिक मार्गदर्शकांशी बोलते." एवढं म्हणून भागलं नाही तर प्रोव्हिन्शियल, म्हणजे प्रांताच्या प्रमुख सिस्टर, भेटीला येतील तेव्हा त्यांना सांग, वाट बघवत नसेल तर पत्र लिही. डिंक लावून.

माझ्या वेळी आज्ञापालन म्हणजे गप्प बसणं, असं आम्हाला वाटायचं. त्याची किंमत पुष्कळ जणींनी मोजली. फेब्रुवारी २०१९मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अबुधाबीहून परतताना विमानात पत्रकारांपुढे मान्य केलं की धर्मगुरूंनी, बिशपांनीसुद्धा, सिस्टरांवर अत्याचार केले आहेत. तेव्हा मी ६४ वर्षांची होते. ही बातमी वाचताना मला धक्का बसला नाही, याचाच धक्का बसला. तुझ्या बाबतीत तसलं काही नसेल, नसावं. पण कधी कुणाचा हात, कुणाची नजर, कुणाचा फोन चुकीचा वाटला तर तोंड उघडायचं. संस्थेत कुणी ऐकलं नाही तर संस्थेबाहेर सांगायचं, गुन्हा असेल तर पोलिसांत जायचं. तुझ्या कुठल्याही व्रतानं त्याला अडसर येत नाही.

फॉर्मबद्दल : भर. मुलीच्या आणि आईच्या कागदावर आडनाव जुळत नाही म्हणून शिष्यवृत्ती अडली, तर तीन वेळा तहसील कचेरीत जाऊन रांगेत उभी राहा. ती मुलगी ते विसरणार नाही. तुझ्या सुपीरियरच्या मीटिंगमधलं भाषण मात्र विसरेल, आणि माझं हे उत्तरही.

प्रश्न : सिस्टर, तुम्हाला कधी घरी परत जावंसं वाटलं का? – इयत्ता नववी, वडगाव शेरी

उत्तर : तीनदा. पहिल्यांदा नोव्हिशिएटमध्ये, भाकरीवरून. दुसऱ्यांदा वडील गेले तेव्हा, आणि ते बरेच दिवस टिकलं. तिसऱ्यांदा गेल्या हिवाळ्यात. भाच्यानं शेतावरून हुरडा आणून दिला, सोबत शेंगदाण्याची चटणी. खाल्ला, आणि दोन रात्री आमच्या मळ्यातल्या विहिरीची स्वप्नं पडली. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात माझी पाळी होती. केरळच्या त्या सिस्टर आता ७३ वर्षांच्या आहेत, गुडघ्यांमुळे उभं राहवत नाही. स्टुलावर बसून त्यांनी लसूण सोलून दिला, आणि ठेचा जास्त कर म्हणाल्या.