अकरा खिडक्या की तीन काचा?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतचे फोटो त्याहून जास्त वेळा पाहिले. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. घर नागपूरच्या मनीषनगरात, रेल्वेलाइनच्या जवळ, तळमजल्यावर. गाड्यांच्या आवाजाला कंटाळून नऊ वर्षांपूर्वी अकरा खिडक्या दुहेरी काचेच्या, यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) चौकटीत बसवून घेतल्या. आता तीन काचांच्या आतल्या बाजूला धुकं धरलंय, दोन बेडरूमच्या खिडक्यांची हँडलं फिरत नाहीत, हॉलच्या खिडकीचं सरकतं शटर (झडप) घासतं. ज्या दुकानाने बसवल्या त्याच दुकानाचा माणूस येऊन म्हणाला, "सगळ्याच बदला, एकूण ४,६०,०००, बारा महिने बिनव्याजी हप्ते, ऑफर महिनाअखेरपर्यंत." रोख दिलेत तर २५,००० कमी. ओळखीच्या मिस्त्रीने दुरुस्तीचे ३१,१६० सांगितले. साहेबांची पेन्शन महिना ५२,०००, बचत खात्यात ९०,०००, आणि ७.२५ टक्क्यांची सहा लाखांची एफडी. पुण्याहून मुलगा म्हणतो, एकदाच काय ते करून टाका, निम्मे मी देतो. तुमचा प्रश्न: एफडी मोडू की हप्ते घेऊ?

यातलं एकही करू नका. दुरुस्ती करा, तीही सगळी एकदम नको, आणि तिच्याही आधी एक पत्र लिहा. पत्राचं शेवटी सांगतो.

आधी हप्ते. ४,६०,०००ला बाराने भागलं की ३८,३३३. पेन्शनमधून तेवढे गेले की हातात राहतात १३,६६७. त्यात किराणा, औषधं, वीजबिल आणि मे महिन्यातलं पुण्याचं तिकीट बसवून दाखवा. आणि हे हप्ते बिनव्याजी मुळीच नाहीत. रोख देणाऱ्याला तीच वस्तू ४,३५,०००ला मिळत असेल तर तिची खरी किंमत तीच. वरचे २५,००० हे व्याजच झालं, फक्त त्याला नाव दिलेलं नाही. हप्त्याहप्त्याने मुद्दल कमी होत जातं हे धरून हिशेब केला तर दर साधारण साडेदहा टक्के पडतो. क्रेडिट कार्डावरून हप्ते पाडले की बहुधा प्रक्रिया शुल्कही लागतं, शिवाय व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी. सात-सव्वासात टक्के मिळवणाऱ्या माणसाने साडेदहाने उधार घ्यावं कशाला?

आता एफडी. साडेचार लाखांवर रक्कम काढली की उरतात एक लाख चाळीस हजार. तुमच्या वयाला ती एफडी गुंतवणूक कमी आणि अडीनडीची गाठ जास्त. मुदतीआधी मोडली की बँक जितके दिवस पैसे राहिले तितक्याच मुदतीचा दर देते आणि त्यातून बहुतेक ठिकाणी अर्धा ते एक टक्का दंड कापते. पण मला दंडापेक्षा व्याज महत्त्वाचं वाटतं. ४,६०,०००वर ७.२५ टक्क्यांनी वर्षाला ३३,३५० रुपये येतात, म्हणजे महिन्याला पावणेतीन हजारांच्या वर. नव्या खिडक्या घेतल्या की ही रक्कम दरवर्षी बंद. जुन्या ठेवल्या तर एका वर्षाचं व्याजच मिस्त्रीच्या अख्ख्या बिलाएवढं होतं.

"पण वीजबिल निम्म्यावर येईल" असं तो माणूस म्हणाला, असं तुम्ही लिहिलंय. या वाक्यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण नागपुरात खिडक्या विकताना ते हमखास ऐकू येतं.

हॉलच्या खिडकीत तुम्ही कूलर लावता. कूलर चालायला हवा बाहेर जायची वाट लागते, म्हणजे समोरची दुसरी खिडकी उघडी. नवतप्यात दिवसभर खिडकी उघडी असेल तर तिची काच एकेरी, दुहेरी की तिहेरी, याला अर्थच उरत नाही. एसी आहे तो एका बेडरूममध्ये, तिथे खिडक्या दोन. एका खिडकीची काच दीड चौरस मीटर धरू, बाहेर ४४ आणि आत २६ अंश. साध्या एकेरी काचेतून साधारण १५५ वॅट उष्णता आत येते, दुहेरीतून ७५च्या आसपास. फरक ८० वॅटचा. एवढी उष्णता बाहेर फेकायला चांगल्या एसीला वीज लागते २३ वॅट. रोज आठ तास आणि वर्षाला शंभर दिवस धरले तरी वीस युनिटच्या आत. युनिटला बारा रुपये लावले तर एका खिडकीमागे वर्षाला सव्वादोनशे रुपये. आणि हा फरक एकेरी आणि चांगल्या दुहेरीतला आहे. तुमच्या धुकं धरलेल्या काचेतली पोकळी काही गेलेली नाही, ती अजूनही बरंच काम करते. निम्म्यावर काय येणार?

उन्हाळ्यात खोली तापते ती काचेतून थेट शिरणाऱ्या उन्हाने, आणि साधी पारदर्शक दुहेरी काच ते ऊन फारसं अडवत नाही. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक किंवा हिरवी नेट लावा. ऊन काचेवर पडण्याआधीच अडलं पाहिजे. आतून गडद फिल्म मात्र चिकटवू नका. दुहेरी काचेला त्याने उष्णतेचा ताण येतो आणि काच तडकू शकते.

मग नक्की बिघडलंय काय? दोन काचांच्या मध्ये कडेने अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असते. तिच्या पोटात ओल शोषणारे दाणे आणि बाहेरून सीलंट. सील कुठेतरी सुटलं की दमट हवा आत जाते, दाणे पाणी पिऊन तुडुंब होतात आणि पुढची ओल काचेवर धुकं होऊन बसते. ते पुसता येत नाही कारण ते आत आहे. काहीजण बारीक भोक पाडून आतली हवा सुकवून देतो म्हणतात. दाणे तेच राहतात, त्यामुळे धुकं परत येतं. त्यावर पैसे घालू नका. बदलायचं ते फक्त काचेचं जोडयुनिट, ज्याला मिस्त्री डीजीयू म्हणतात. आतलं बीडिंग (काच धरून ठेवणारी पट्टी) काढलं की ते निघतं, चौकटीला हात लागत नाही. पश्चिमेकडची चौकट पिवळसर झालीय म्हणालात, तो नुसता रूपाचा प्रश्न. चौकटीच्या कोपऱ्यातला जोड फाटला असेल तर ती एक खिडकी नवी घ्या. तुमच्या फोटोत तसं कुठे दिसलं नाही.

डीजीयूचं माप मात्र मिस्त्रीलाच घेऊ द्या आणि त्याच्याच सहीने लिहून घ्या. मी माझ्या घरी शहाणपणा केला होता. टेप लावून स्वतः माप काढलं, टफन्ड (भट्टीत तापवून कडक केलेली) काच सांगितली, ती आली आठ मिलिमीटर मोठी. टफन्ड काच भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही, घासायला गेलं तरी सगळीचा भुगा होतो. ती काच आजही गच्चीवर भिंतीला टेकून उभी आहे, आणि पैसे मी दोनदा दिले. आर्थिक सल्लागाराचं घर!

आता कुलपं. बेडरूमच्या दोन हँडलांसाठी मिस्त्रीने नवे मल्टीपॉइंट लॉक (एका हँडलने अनेक ठिकाणी अडकणारं कुलूप) धरलेत, प्रत्येकी २,४००. हो म्हणायच्या आधी एक करून पाहा. एक हँडल जोर लावल्यावर एकदाचं उघडतं असं तुम्ही लिहिलंय. तीच खिडकी उघडी ठेवा आणि उघड्या अवस्थेत हँडल फिरवा. लोण्यासारखं फिरलं तर लॉक ठणठणीत आहे. शटर आपल्या वजनाने दोन-तीन मिलिमीटर खाली बसलंय, म्हणून लॉकचे खिळे चौकटीवरच्या खाचांत जात नाहीत. तेव्हा बिजागरी वर घ्यायची किंवा खाच सरकवायची, मजुरीच्या पैशात काम होतं. उघडी असतानाही हँडल अडलं तरच आतला गिअर गेलाय असं समजा. जोर मात्र लावू नका. नुसतं शटर बसलेलं असताना माणसं हँडल दाबत राहतात आणि मग खरोखर गिअर मोडतो. हॉलच्या घासणाऱ्या शटरचंही बहुधा असंच: खालच्या कडेला रोलर वर-खाली करायचा स्क्रू असतो. रोलर झिजून चपटा झाला असेल तरच नवा.

तुम्ही मे महिन्यात पुण्याला जाता आणि घर तळमजल्यावर आहे, म्हणून कुलपांचं काम सगळ्यात आधी. काचेतलं धुकं डोळ्याला खुपतं तेवढंच, ते थांबू शकतं. घराचा विमा असेल तर त्याचा या धुक्यासाठी उपयोग नाही. वादळाने काच फुटली तर गोष्ट वेगळी, झिजेचे पैसे विमा देत नाही.

मिस्त्रीचा अंदाज मला वाजवी वाटला: तीन काचा मिळून २७ चौरस फूट, ४८० रुपये दराने १२,९६०, दोन लॉक ४,८००, रोलर २,४००, सगळ्या खिडक्यांची रबरी गास्केट (फट बुजवणारी पट्टी) ६,०००, मजुरी ५,०००. बिल पक्कं घ्या. जीएसटी धरून ते ३६,७६९ होईल, ते चालेल. बिलावर काचेचा प्रकार लिहिलेला हवा: ५ मिलिमीटर काच, १२ची पोकळी, परत ५, टफन्ड. पुढे सील परत सुटलं तर हाच कागद कामाला येतो. सगळे पैसे आगाऊ देऊ नका, दोन हजार पहिला पाऊस पडेपर्यंत मागे ठेवा. रक्कम बचत खात्यातून द्या, एफडीला हात लावू नका.

उरलेल्या आठ खिडक्यांच्या काचाही त्याच वयाच्या आहेत. त्यातल्या एक-दोन पुढच्या काही वर्षांत धुकं धरतीलच, तेव्हा घाबरून पुन्हा सगळ्या बदलायचा विचार नको. महिना हजाराची आरडी लावा. वर्षाच्या बारा हजारांत दोन काचा मजुरीसकट बसतात. मुलाला देऊ द्या, त्याचं मन मोडू नका. आईवडिलांना मुलाने दिलेल्या पैशावर तुम्हाला कर लागत नाही. पण ते दोन लाख तीस हजार त्याने खिडक्यांत घालण्यापेक्षा तुमच्या दोघांच्या आरोग्य विम्याचं कवच वाढवायला वापरावेत असं मी त्याला तोंडावर सांगेन. तुमच्या पत्रात त्या विम्याचा उल्लेखच नाही, याची मला खिडक्यांपेक्षा जास्त काळजी वाटली.

आता ते पत्र. शेवटचा फोटो वॉरंटी कार्डाचा आहे. त्यावर चौकटीला दहा वर्षं लिहिलंय, आणि खालच्या ओळीत काचेच्या युनिटलाही, "सील सुटून आत बाष्प आल्यास" असं स्पष्ट. तारखेवरून दहा पूर्ण व्हायला अजून सात महिने आहेत. म्हणजे या तीन काचा तुम्हाला फुकट मिळायला हव्यात, आणि त्या देणं ज्याच्यावर येतं तोच माणूस तुम्हाला साडेचार लाखांच्या नव्या खिडक्या विकतोय! "वॉरंटी कंपनीची, आमची नाही" हे त्याचं तोंडी उत्तर ऐकून घेऊ नका. कार्डावर सही-शिक्का दुकानाचा आहे. कार्ड, मूळ बिल आणि तिन्ही काचांचे तारखेसह फोटो जोडून दुकान आणि चौकट बनवणारी कंपनी, दोघांना ईमेल आणि स्पीड पोस्टाने पत्र पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या. दोन काचांमधल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर बारीक अक्षरात बनवणाऱ्याचं नाव आणि तारीख छापलेली असते कधीकधी. दिसली तर तिचाही जवळून फोटो घ्या. दाद लागली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा, पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीचं शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, पण वॉरंटी चालू असताना लेखी मागणी गेलेली असावी.

काचा वॉरंटीत निघाल्या तर मिस्त्रीचं बिल जीएसटीसकट २१,४७६वर येतं. लॉकच्या परीक्षेत तुम्ही जिंकलात तर आणखी खाली. तोवर त्याच्याकडून फक्त कुलपं आणि रोलर करून घ्या. काचांना हात लावू देऊ नका, नाहीतर दुकान म्हणेल तुम्हीच छेडछाड केली.

आणि पुण्याहून परतलात की मृगाच्या आधी प्रत्येक खिडकीच्या खालच्या पन्हळीत तांब्याभर पाणी ओता. बाहेरच्या बाजूला चौकटीला पाणी जायच्या फटी असतात, मेच्या वावटळींनी त्या मातीने बुजतात. पाणी बाहेर येईना तर जुना टूथब्रश घेऊन त्या मोकळ्या करा. पन्हळीत साचलेल्या पाण्यात काचेची खालची कड भिजत राहिली की सील तिथूनच सुटायला लागतं. तुमच्या तिन्ही फोटोंत धुकं खालच्याच कोपऱ्यात दाट आहे.