सोमाली मुसलमान, पण अरब? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलाच्या पुण्यातल्या कॉलेजात एक सोमाली विद्यार्थी आहे. तो मुसलमान, त्याचा देश अरब लीगमध्ये, आपला मूळपुरुष अरबस्तानातून आला असंही तो सांगतो. तरी त्याला अरब म्हटलं की नाराज होतो. असं का?
– एक वाचक, यावल

उत्तर : निम्मं उत्तर तुमच्या सातपुड्याच्या पायथ्याशीच आहे. तडवी भिल्ल मुसलमान आहेत आणि आदिवासीही आहेत. त्यांना कुणी अरब म्हणत नाही. धर्म, भाषा आणि वंशावळ हे तीन धागे वेगळे आहेत. ते एकत्र गुंडाळले की गोंधळ होतो.

सोमाली भाषा कुशितिक गटातली. इथिओपियाकडच्या ओरोमो आणि अफार या तिच्या जवळच्या बहिणी, अरबी मात्र लांबची नातलग. एक ते पाच मोजताना सोमाली माणूस कोव, लबा, सद्देह, अफर, शान म्हणतो. अरब वाहिद, इथ्नान, थलाथा, अरबआ, खम्सा. गुरं, पाऊस, नाती यांचे शब्द घरचे आहेत. वारांची नावं, नमाज-रोजाभोवतीचे शब्द, लिहिण्या-वाचण्याचे बरेच शब्द अरबीतून आले. कायदा, वकील, हुकूम, जबाब हे मराठीनंही मुळात अरबीतूनच घेतले, म्हणून आपण अरब झालो नाही.

आता मूळपुरुषाबद्दल. दारोद आणि इसाक ही सोमालींची दोन मोठी कुळं. दोघांचे मूळपुरुष अरबस्तानातून आलेले शेख होते आणि त्यांनी सोमालींच्याच दिर कुळात लग्नं केली, अशी परंपरा आहे. शेख इसाक यांची कबर सोमाली भूमीच्या उत्तर किनाऱ्यावर मैध इथं दाखवतात. अनेक अभ्यासक या वंशावळीला रक्ताचा पुरावा मानत नाहीत, इस्लामशी जोडणारा मानाचा दुवा मानतात. खानदेशात याचं उदाहरण आहेच. थाळनेर आणि बऱ्हाणपूरहून राज्य करणारे फारुकी सुलतान स्वतःला खलिफा उमर फारूक यांचे वंशज म्हणवत. घराण्याचं नावच त्यावरून पडलं. अशी वंशावळ कुणी सांगितली तर तिची उलटतपासणी करू नये आणि तिच्यावरून त्याला अरबही ठरवू नये. आपल्याकडे पिढ्यांची नावं भाटाच्या वहीत असतात. सोमाली मुलाला बापाकडची नावं लहानपणीच तोंडपाठ करून घेतात. त्याला ‘अबतिरसी’ म्हणतात.

रोजच्या व्यवहारात फरक आणखी स्पष्ट दिसतो. सोमाली बहुतांश सुन्नी, त्यातही शाफी या धर्मकायद्याच्या पंथाचे. पण शरियतीच्या जोडीला ‘हेर’ नावाचा रूढीचा कायदा चालतो (मराठीतल्या हेराशी याचा संबंध नाही). माणूस मारला गेला तर ठरीव भरपाई 100 उंटांची, आणि ती मारेकरी एकटा देत नाही, त्याचा भाऊबंदांचा गट मिळून देतो. शरियतीत मुलीला भावाच्या निम्मा वारसा आहे, तर उंट पाळणाऱ्यांच्या रूढीत तिला उंट सहसा मिळत नसत. इथं धर्म एक सांगतो आणि रूढी दुसरंच करते. लग्नाचंही तसंच. अरबांमध्ये चुलत बहिणीशी लग्न पसंत केलं जातं. उत्तरेकडचे पशुपालक सोमाली जवळच्या भाऊबंदकीत लग्न टाळत आले आहेत. सगोत्र टाळणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

अरब लीगचं सदस्यत्व 1974 चं. इथिओपियाशी वैर होतं, तेलवाल्या देशांची मदत हवी होती, आणि सोमाली गुरांची मोठी बाजारपेठ सौदीत होती. तो राजकीय निर्णय होता.

प्रश्न : आम्ही अहिराणी देवनागरीत लिहितो. सोमालींनी कुराणाची लिपी सोडून रोमन का घेतली?
– एक वाचक, धुळे

उत्तर : अडचण स्वरांची होती. सोमालीत पाच स्वर, तेही ऱ्हस्व आणि दीर्घ. अरबी लिपीत खुणा तिनांच्याच. अरबी अक्षरांत सोमाली पूर्वीपासून लिहीत, पण तेच अक्षर दोघं दोन तऱ्हांनी वाचत. उलट कुराण शिकवताना शेख युसूफ अल-कौनैन यांनी जुन्या काळीच युक्ती काढली होती : अरबी स्वरचिन्हांना ‘वर खूण’, ‘खाली खूण’ अशी सोमाली नावं दिली, आपण काना-वेलांटी म्हणतो तशी. उस्मान युसूफ केनदीद यांनी 1920 च्या सुमारास स्वतंत्र ‘उस्मानिया’ लिपी रचली. तिच्यावर एका कुळाची म्हणून शिक्का बसला. 21 ऑक्टोबर 1972 ला सोमालियाच्या सियाद बारे सरकारनं रोमन जाहीर केली. ‘लातीन’ म्हणजे ‘ला दीन’, धर्म नसलेली, असा विरोध झाला होता. तरी 1974-75 मध्ये शाळा बंद ठेवून विद्यार्थ्यांना खेड्यापाड्यांत शिकवायला पाठवलं आणि लिपी रुजली. मदरशात लाकडी पाटीवर कुराण मात्र अरबीतच राहिलं.

प्रश्न : सोमाली भाडेकरूचा करारनामा करायचा आहे. आडनाव कुठलं लिहू?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : आडनाव नसतंच. स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं अशी तीन नावं असतात. हसन अली फराह याचे वडील अली फराह वरसमे. म्हणजे बाप-लेकांचं शेवटचं नाव जुळणार नाही, आणि कारकून ‘नातं सिद्ध करा’ म्हणून अडवेल. बायको लग्नानंतर नाव बदलत नाही, तिचं कुळही माहेरचंच राहतं. तिच्या नावापुढे नवऱ्याचं नाव लावू नका. तिन्ही नावं पासपोर्टवरच्या क्रमानं, त्याच स्पेलिंगनं उतरवा.

स्पेलिंगचा घोळ नेहमीचा. सोमाली रोमनमध्ये ‘सी’ हे अक्षर अरबी ‘ऐन’साठी आणि ‘एक्स’ हे घशातल्या ‘ह’साठी आहे. त्यामुळे अली ‘सी’नं सुरू होतो आणि हसन ‘एक्स’नं. एका कागदावर असं आणि दुसऱ्यावर इंग्रजी पद्धतीचं स्पेलिंग असेल तर दोन्ही रूपं नोंदवून ‘एकच व्यक्ती’ असं प्रतिज्ञापत्र जोडा. वरसमे (चांगली बातमी), रोबले (पावसात जन्मलेला), होदन (समृद्धी) ही नावं ऐकलीत तर ओळखा, ही अस्सल सोमाली, अरबी नव्हेत.

प्रश्न : सोमाली पाहुणे जेवायला येणार आहेत. काय करावं?
– एक वाचक, रावेर

उत्तर : मटण हलाल दुकानातून आणा, दारू ठेवू नका. जिरं, धने, मिरी, वेलची, लवंग, दालचिनी, हळद यांचा ‘हवाश’ मसाला घालून बासमती भात करा. आणि सालासकट पिकलेलं केळं ताटातच, भाताशेजारी ठेवा. ते घासाघासाला भाताबरोबर खातात. जेवणानंतर फळ म्हणून दिलंत तर उशीर होईल. सोमालियात शबेले आणि जुबा नद्यांच्या काठी केळीचे मळे आहेत, त्यामुळे रावेरचं केळं त्यांना परकं वाटणार नाही.