राई बघायची तर आधी वाडीत जायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राजापूर तालुक्यात एका देवराईच्या तोंडाशी गावकऱ्यांनी परत पाठवलं, दुसरीकडे नकाशात दिसणारी पायवाट तारेच्या कुंपणाने बंद झालेली मिळाली. डिसेंबरात पुन्हा यायचंय, दोडामार्गकडची रानजायफळाची झाडं असलेली दलदल बघायचीय, तर परवानगी कोणाची काढायची, वनखात्याची की ग्रामपंचायतीची?

बहुतेक ठिकाणी दोघांचीही नाही. घाटावर डोंगर म्हटला की तो फॉरेस्टचा, असं धरून चालायची सवय असते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात उलटं आहे. इथलं बरंचसं रान लोकांच्या मालकीचं आहे. तुम्हाला जे निबिड जंगल वाटतं त्याचा सातबारा निघतो, त्यावर ढीगभर सामाईक नावं असतात, अर्धी मुंबईत, काही कधीच वारलेली. त्यामुळे मालकाची लेखी परवानगी मिळवण्याच्या नादी लागू नका. जी वाट धरणार त्या वाटेवरच्या शेवटच्या वाडीत जा, अंगणात उभे राहा आणि कुठे जायचंय ते सांगा.

तिथे हमखास विचारतील, "खंयसून इलात? कोणाकडे?" म्हणजे कुठून आलात, कोणाकडे आलात. शहरातल्या माणसाला ही चौकशी खटकते. पण ती हटकण्यासाठी नसते. गावात आलेला माणूस कोणाचा तरी पाहुणा असतो, त्याची जबाबदारी कोणावर तरी असते, हे इथलं गणित आहे. संध्याकाळी तुम्ही परतला नाहीत तर बॅटऱ्या घेऊन शोधायला त्यांनाच निघावं लागतं. तुमच्याकडे 'कोणाकडे'चं उत्तर नव्हतं, म्हणून तुम्हाला परत पाठवलं असणार. पुढच्या वेळी त्याच गावात मुक्काम करा, एखाद्या घरी जेवण सांगा, आणि त्यांच्यातलाच कोणी वाट दाखवायला घ्या. त्याची दिवसाची मजुरी आधी ठरवा आणि न मागता द्या. तो दिवस तो बागेतलं काम सोडून येतो.

देवराईचं थोडं वेगळं. कागदावर ती कुठे महसूल खात्याची असते, कुठे देवस्थानची, पण चालतं गावकर-मानकऱ्यांचं, म्हणजे गावात मान असलेल्या जुन्या घराण्यांचं. वाळलेलं झाड तोडायचं तरी अनेक गावं देवाचा कौल घेतात, म्हणजे देवाला विचारतात. जिथे गावचा माणूस पडलेली फांदी घरी नेत नाही, तिथून कोणी ऑर्किडची जुडी उचलून नेली तर पुढच्या दहा जणांना ती राई बंद होते. काही रायांत चपला काढाव्या लागतात, काही ठिकाणी ठरलेल्या हद्दीपुढे कोणीच जात नाही. काही ठिकाणी बायकांना आत सोडत नाहीत. मला ते अजिबात पटत नाही आणि गावात मी तसं बोलतो, पण तो वाद गावच्या बायकांनी आणि पुरुषांनी मिळून सोडवायचा आहे. पाहुण्याने राईच्या दारात तो उकरू नये. शिमग्यात, जत्रेच्या दिवसांत आधी विचारल्याशिवाय जाऊ नका. आचऱ्यासारख्या गावात गावपळण असते तेव्हा तर तीन रात्री अख्खं गाव गुरं-कोंबड्यांसकट वेशीबाहेर राहतं. त्या वेळी रिकामं गाव बघायला म्हणून आत शिरणं फार वाईट.

आता पाण्याचं, कारण सगळ्यात जास्त भांडणं यावरून होतात. व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेने वर चढताना दगडांतून गेलेला काळा पाइप दिसेल. कुठे तो झाडाच्या मुळाला सुतळीने बांधलेला, कुठे जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. तो वर एका लहानशा कुंडात जातो, तोंडाला जाळी किंवा फडकं लावलेलं असतं. खालच्या वाडीचं पिण्याचं पाणी ते हेच. पंप नाही, वीज नाही, उतारावर पाणी आपसूक येतं. त्या कुंडात किंवा त्याच्या वर उतरून आंघोळ केली, साबण लावला, तर तो साबण खालच्या हंड्यात येतो. पाइपावर पाय पडून जोड सुटला तर कोणीतरी तासभर चढून तो बसवायला येतं. पाइप दिसला की पाण्यापासून लांब राहा, आणि डुंबायचंच असेल तर वाडीच्या खालच्या अंगाला जागा विचारा.

फेब्रुवारी ते मे काजू-आंब्याचा हंगाम. बागेतून जाणारी वाट तेव्हा टाळा. राखणदार असतो, कुत्रे असतात, आणि अनोळखी माणसाच्या पाठीवर सॅक दिसली की संशय येणारच. तुम्ही डिसेंबरात येताय, तेव्हा मोहरावर फवारणी चालू असते, वास आला तर बाग ओलांडू नका. गडग्यातलं (दगडी बांधातलं) बेडं, म्हणजे फाटक, उघडलंत तर होतं तसं परत लावा. अंधार पडायच्या आत वाडीत या. शेतीसंरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका इथे घरोघर नसल्या तरी गावोगाव आहेत, आणि रात्री डुकरांच्या मागावर माणसं असतात.

सरकारी परवानगी खरोखर लागते ती अभयारण्यात. 1972च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे तिथे परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. मुरूड-रोह्याचं फणसाड, पनवेलजवळचं कर्नाळा यांना प्रवेशद्वार आहे, तिकीट काढून जाता येतं. खेड तालुक्यातल्या चोरवण्यातून नागेश्वर-वासोट्याकडे चढणारी वाट मात्र वर कोयना अभयारण्यात शिरते. महाशिवरात्रीला लोक त्या वाटेने नागेश्वरला जातात म्हणून ती एरवीही मोकळी आहे असं समजू नका.

तुमच्या दलदलीविषयी. हेवाळे-बांबर्ड्याची ती जागा म्हणजे एक देवराईच आहे, जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झालेली, आणि क्षेत्र अवघं अडीच हेक्टरच्या आसपास. इथे मात्र ग्रामपंचायतीत विचारायचं, तिच्या जैवविविधता समितीला. आंबोलीला महादेवाच्या देवळाचं कुंड आहे, हिरण्यकेशी नावाचा मासा 2020मध्ये जिथे नव्याने नोंदला गेला आणि 2021मध्ये ज्या कुंडाला हाच दर्जा मिळाला, तिथेही जागा इतकीच लहान. बांबर्ड्याला चिखलातून गुडघ्यासारखी वाकलेली मुळं वर आलेली दिसतील. झाड त्यांतून श्वास घेतं. चार पोरं फोटोसाठी त्या मुळांवर उभी राहिली की सालं निघतात, चिखल दाबला जातो, बियांतून आलेली रोपं मोडतात. दहा जणांना घेऊन येत असाल तर तीन-तीन, चार-चार करून जा आणि कडेनेच बघा. गमबूट घातलेत म्हणून आत उतरायचा हक्क मिळत नाही. दोडामार्ग तालुक्यात 2002पासून कर्नाटकातून आलेले हत्ती वावरतात. पहाटे किंवा तिन्हीसांजेला तिकडच्या बागांतून पायी हिंडू नका, हत्ती कुठे आहेत ते वाडीत रोज माहीत असतं.

राहिलं ते कुंपण. तार ओलांडून जाऊ नका, पण तो विषय तिथेच सोडूही नका. गेल्या काही वर्षांत डोंगरच्या डोंगर विकले जाताहेत, आणि नवा मालक पहिलं काम करतो ते कुंपणाचं. त्यात देवळाकडे, सड्यावर (वरच्या कातळपठारावर), पलीकडच्या वाडीत जाणाऱ्या जांभ्याच्या जुन्या पाखाड्या, म्हणजे दगड बसवलेल्या पायवाटा, बंद होतात. तुमची एक सहल हुकली, तिथल्या बाईला मात्र लाकडाचा भारा घेऊन मोठा वळसा पडतो. वहिवाटीची वाट अडवली तर 1906च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. घात इथेच होतो. चाकरमानी गणपतीला येतो, कुंपण बघतो, बोलाचाली होते, शिमग्याला बसून ठरवू म्हणतात, आणि शिमगा येतो तोवर मुदत गेलेली असते. मग दिवाणी कोर्ट, आणि वर्षं.

दावा गावकऱ्यांनीच लावायचा असतो, वहिवाट त्यांची आहे. पण तुम्ही किंवा तुमच्या ओळखीचं कोणी त्या वाटेने आधी गेलेलं असेल, तर फोटो शोधा. मोकळी पाखाडी, तारीख आणि जागा दिसेल असा एखादा फोटो असला तर त्या वाडीत पाठवून द्या. अर्जाला जोडता येतो.