लघवी नीट होते, मग हे पाणी कसलं?

प्रश्न : माझ्या जावेची गर्भपिशवी नऊ दिवसांपूर्वी दुर्बिणीतून काढली. टाके कोरडे आहेत, लघवीही नेहमीसारखी होते. पण परवापासून अंगावरून पाण्यासारखं जातंय, उजवी कूस दुखते, रात्री ताप येतो. शेजारच्या काकू म्हणतात, असं जातंच. वाट पाहावी का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : वाट पाहू नका. आजच्या आज ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना दाखवा. थोडं तांबूस, चिकट जाणं काही दिवस चालतं. पण झोपेतही न थांबणारं, पॅड भिजवणारं पातळ पाणी ही लघवी असू शकते.

किडनीतून लघवी खाली आणणारी नळी, म्हणजे युरेटर, गर्भपिशवीच्या मुखापासून जेमतेम दीड-दोन सेंटीमीटरवरून, तिच्या रक्तवाहिनीच्या खालून जाते. रक्त थांबवताना तिथे उष्णता लागली, तर नळी लगेच फुटत नाही. भाजलेला भाग हळूहळू मरतो आणि सात ते चौदा दिवसांनी गळू लागतो. म्हणून घरी सोडताना सगळं ठीक असतं. इजा बहुधा एकाच बाजूला असते, दुसरी किडनी काम करत राहते, त्यामुळे लघवी होते एवढ्यावर कुणीही निर्धास्त राहू नये.

डॉक्टर योनीत कापसाचे तीन बोळे ठेवून लघवीच्या पिशवीत, म्हणजे मूत्राशयात, निळं औषध सोडतात. बोळा निळा झाला तर मूत्राशयाला छिद्र आहे. ओला झाला पण निळा नाही, तर संशय युरेटरवर. नुसत्या सोनोग्राफीवर समाधान मानू नका. सीटी युरोग्राफीत, म्हणजे लघवीच्या मार्गाच्या सीटी स्कॅनमध्ये, डाय (फोटोत दिसणारं औषध) दिल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी उशिराचे फोटो काढतात, गळती त्यातच दिसते. ते काढणार का, हे आधीच विचारा.

लवकर कळलं तर पुष्कळदा डीजे स्टेंटवर, म्हणजे युरेटरच्या आत ठेवलेल्या बारीक नळीवर, भागतं. स्टेंट वर सरकला नाही, तर पाठीतून किडनीत नळी घालून लघवी बाहेर काढावी लागते आणि नंतर युरेटर पुन्हा जोडावी लागते. युरोलॉजिस्ट, म्हणजे लघवीच्या विकारांचा डॉक्टर, लागेलच, लालबागहून परळचं केईएम हाकेच्या अंतरावर आहे. डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनची नोंद सोबत न्या.

प्रश्न : सासऱ्यांचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं. पाचव्या दिवशीही ड्रेनमध्ये (पोटातलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीत) खूप पिवळसर पाणी येतं, पोट फुगलंय, क्रिएटिनिन (किडनी लघवीतून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) वाढलंय. किडनी बिघडली का?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : तसंच असेल असं नाही. ऑपरेशनमध्ये युरेटरला इजा होऊन पोटात लघवी गळत असेल तर पोटाचं आवरण ती शोषून घेतं आणि किडनी चांगली असूनही रक्तातलं क्रिएटिनिन चढतं. ड्रेनमधल्या पाण्याचं आणि रक्ताचं क्रिएटिनिन एकाच वेळी तपासायला सांगा. रक्तात १.८ आणि पाण्यातही साधारण तेवढंच, तर ते पोटातलं साधं पाणी. पाण्यात २०-३० निघालं, तर ती लघवी. नमुना पिशवीत साठलेल्या पाण्याचा नको, नळीतून ताज्या येणाऱ्या पाण्याचा घ्यायला सांगा.