वाचकांचे प्रश्न : गाडीच्या पोटाला कोणतं कोटिंग?

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये अंडरबॉडी कोटिंगचे प्रश्न सर्वाधिक असतात. बहुतेकांचा मूळ प्रश्न एकच : गंज, आवाज आणि उष्णता या तिन्हींवर एकच स्प्रे चालेल का? चालत नाही. ही तीन कामं वेगवेगळी आहेत आणि माल निवडायच्या आधी आपल्याला त्यांतलं कुठलं हवं आहे ते ठरवावं लागतं.

प्रश्न : नऊ वर्षांची बोलेरो आहे. खाली मारलेलं काळं कोटिंग जागोजागी सुटतंय. त्याच्यावरच नवा थर मारून देतो, असं गॅरेजवाला म्हणतो. मारावा का? (गगनबावडा)

नाही. डांबरी कोटिंग काही वर्षांत कडक होतं आणि त्याला बारीक भेगा पडतात. पाणी भेगेतून आत जातं, पण वाळायला वाट मिळत नाही. त्यामुळे पत्रा उघडा असता त्यापेक्षा कोटिंगखाली लवकर सडतो. नवा थर मारला की वरून सगळं छान काळंभोर दिसेल आणि आतलं सडणं दोन पावसाळे कळणारही नाही.

आधी गाडी रॅम्पवर घेऊन स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकून बघा. भद्द आवाज आला तिथे कोटिंग सुटलंय. तेवढं पटाशीने काढा. निघत नसेल तर हीट गनने मऊ करून खरवडा. ब्लो-लॅम्प मात्र खाली नेऊच नका, डिझेलच्या नळ्या तिथूनच जातात. जिथे कोटिंग घट्ट बसलंय तिथे ते राहू द्या, फक्त कडा उतरत्या करून घासा.

मग धुणं. तुमच्याकडची तांबडी माती मडगार्डच्या आतल्या दुमडीत, चॅसीच्या वरच्या अंगाला आणि बॉडी माउंटच्या भोवती थापून बसते आणि आठवडाभर ओल धरून ठेवते. प्रेशर वॉशरने नुसतं समोरून मारून ती निघत नाही, दुमडीत बोट घालून बघावं लागतं. धुतल्यावर तारेने सगळी ड्रेन होलं, म्हणजे पाणी निथळायची भोकं, मोकळी करा आणि गाडी दोन दिवस कडक उन्हात उभी करा. संध्याकाळी धुऊन सकाळी कोटिंग मारणारा माणूस तुमच्या गाडीत पाणी पॅक करून देतोय.

गंजाचं काम सर्वांत किचकट. पापुद्रे वायर ब्रशने आणि ८० नंबरच्या सँडपेपरने उतरवा. आरपार भोक असेल तर पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करा, कोटिंग हे ठिगळ नव्हे. चॅसीच सडली असेल तर कोटिंगचा विषय सोडा आणि आधी चॅसीचं काम जाणणाऱ्याकडून तपासून घ्या. घासूनही खड्ड्यांत जो चिवट तांबूस थर उरतो, तेवढ्यावरच रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजाचा स्थिर काळा थर करणारं रसायन, लावा. तो काळा पडेपर्यंत, साधारण २४ तास, थांबा. फॉस्फरिक ॲसिडचा प्रकार असेल तर डब्यावर लिहिल्याप्रमाणे उरलेलं ॲसिड पुसून किंवा धुऊन पूर्ण वाळवा. ते राहिलं तर वरच्या इपॉक्सी प्रायमरला फोड येतात. प्रायमर दोन घटकांचा, हार्डनरवाला घ्या. त्यावर पुढचा थर किती तासांत द्यायचा ते डब्यावर असतं. ती वेळ टळली तर पेपरने हलकं घासूनच पुढे जा.

आता फवारा लागू नये म्हणून झाकायच्या गोष्टी. सायलेन्सर आणि त्याची पूर्ण लाईन, ऑक्सिजन सेन्सर, ब्रेक डिस्क, ड्रम, कॅलिपर, रबरी ब्रेक होज, प्रोपेलर शाफ्ट, पाट्यांच्या पानांमधली जागा, बुश, हँडब्रेकची केबल, गिअरबॉक्स, डिझेल टाकीचा ब्रीदर (हवा येण्याजाण्याचं छिद्र), वायरिंगचे कनेक्टर आणि चॅसी नंबर. प्रोपेलर शाफ्टवर एका बाजूला जाड थर बसला की गाडी थरथरते. ब्रेकच्या लोखंडी नळ्यांवर आधीच गंज असेल तर त्या बदला. कोटिंगखाली गेलेली नळी फुटेपर्यंत दिसत नाही.

कोटिंग रबराइज्ड प्रकारचं घ्या, वाळल्यावरही थोडं लवचिक राहणारं. स्प्रे गनला ४० ते ६० पीएसआय दाबाची हवा द्या आणि पत्र्यापासून २० ते ३० सेंटीमीटर अंतर ठेवा. पहिला थर पातळ, तासाभराने दुसरा. एकाच दमात जाड मारलं तर वर साय धरते, थिनर आत अडकतो आणि महिनाभराने बोट लावलं तरी आत लिबलिबीत लागतं.

चॅसीच्या आणि दाराखालच्या पोकळ्यांत डांबरी माल कधीच घालू नका, तिथे मेणाचा कॅव्हिटी वॅक्स हवा. लांब नळीच्या, चारी बाजूंना फवारणाऱ्या नोझलने मारा. ड्रेन होलांतून तो ठिबकायला लागला की आत पोचला असं समजा. शेवटी ती भोकं पुन्हा मोकळी करा. मेण नेहमी सर्वांत शेवटी, कारण ते ज्या पत्र्यावर पसरतं तिथे प्रायमर धरत नाही. गाडी रस्त्यावर काढण्याआधी आवारातच हळू चालवून ब्रेक तपासा.

हे सगळं मार्च ते मेमध्ये करा. जुलैत तुमच्याकडे धुक्यात पत्राच घाम गाळत असतो. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते त्यापेक्षा) किमान ३ अंश वर नसेल तर कुठलाच रंग नीट धरत नाही. एप्रिलच्या भर दुपारी तापलेल्या पत्र्यावरही नको, सकाळी नऊ-दहाला सुरुवात करा.

प्रश्न : नवी हॅचबॅक घेतली आहे. शोरूमवाले कोटिंगचा आग्रह धरतात. महिन्यातून एकदा मालवणला जाणं असतं. (राजारामपुरी)

नव्या गाडीचा सगळा सांगाडा कारखान्यात विजेच्या साहाय्याने प्रायमरमध्ये बुडवलेला असतो. तो थर साधारण २० मायक्रॉनचा, पण पोकळ्यांतही पोचलेला असतो. सांध्यांवर आणि बऱ्याच गाड्यांच्या चाकांच्या कमानींत वर भट्टीत भाजलेला पीव्हीसीचा थरही असतो. त्यामुळे पहिल्याच महिन्यात घाई करण्यासारखं काही नाही. खाडीकाठच्या खाऱ्या हवेसाठी करायचंच असेल तर पोकळ्यांत मेण आणि कमानींत रबराइज्ड कोटिंग, एवढं पुरे. आणि मालवणहून आल्यावर दोन दिवसांत गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवा. याचा उपयोग कोटिंगपेक्षा जास्त होतो आणि ते स्वस्तही आहे.

बाहेरून काम केल्यास गंजाच्या वॉरंटीवर काय परिणाम होतो ते लेखी विचारा. मेणासाठी नवी भोकं पाडू देऊ नका, कंपनीने ठेवलेली भोकं पुरतात.

पैसे मोजण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा : किती लिटर माल लागणार? एक चौरस मीटरवर एक लिटर मारलं की ओला थर १ मिलिमीटरचा होतो. त्यात निम्मा थिनर असेल तर वाळून ०.५ मिलिमीटर उरतो. छोट्या गाडीचं पोट आणि कमानी मिळून ५ चौरस मीटर धरले तर अर्ध्या मिलिमीटरसाठी ५ लिटर माल लागतो, गनमधून उडून वाया जाणारा वेगळा. ५०० मिलिलिटरचे दोन-तीन कॅन फवारून ‘फुल अंडरबॉडी’चं बिल होत असेल, तर ते कोटिंग नाही, काळा रंग आहे.

प्रश्न : ओम्नीत पायाखालचा पत्रा आणि सीट फार तापते. ‘सिरॅमिक इन्सुलेशन स्प्रे’ खालून मारला तर फरक पडेल का? (गडहिंग्लज)

हाताला जाणवेल इतका नाही. उष्णता अडवायला जाडी लागते. कोटिंगच्या अर्ध्या मिलिमीटरची तुलना बंद छिद्रांच्या १० मिलिमीटर फोमशी केली, तर कोटिंगचा माल उत्तम धरूनही फोमचा अडसर तीसपटीहून जास्त भरतो. छतावर लावायचे पांढरे सिरॅमिक रंग ऊन परतवतात म्हणून काम करतात. गाडीच्या पोटाखाली ऊन कुठलं?

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखालीच आहे, त्यामुळे खर्च तिथे करा. सीट उचलून इंजिनच्या झाकणाभोवतीचं रबर बघा. जुन्या गाड्यांत ते चपटं झालेलं किंवा गायबच असतं आणि गरम हवा सरळ वर येते. गिअर लिव्हरचं रबरी बूट फाटलंय का तेही बघा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरचं पत्र्याचं कव्हर कुणी काढून ठेवलं असेल तर परत बसवा. कूलंट आणि रेडिएटरचा पंखा ठीक नसेल तर बाकी सगळं व्यर्थ.

मग झाकणाच्या खालच्या बाजूला ॲल्युमिनियम फॉइल लावलेलं ग्लास फायबरचं मॅट बसवा, पण नुसत्या गोंदावर नाही. स्क्रू आणि मोठे वॉशर घाला, नाहीतर गोंद तापून मॅट मॅनिफोल्डवर पडेल. आतल्या फ्लोअरवर कार्पेट काढून २ मिलिमीटरची ब्यूटाइल (जड, चिकट रबराची) शीट चिकटवा. ती आवाजासाठी आहे, उष्णतेसाठी नव्हे. पत्र्याची थरथर मारायला प्रत्येक पॅनेलच्या मधला तीस-चाळीस टक्के भाग झाकला तरी पुरतो. तिच्यावर ६ ते १० मिलिमीटर बंद छिद्रांचा फोम अंथरा. गादीचा स्पंज वापरू नका, तो पाणी पितो आणि खालचा पत्रा खातो. इंजिनच्या बाजूला डांबरी शीट किंवा डांबरी स्प्रे तर अजिबात नको, तापल्यावर वास येतो, माल वितळतो आणि पेट घेऊ शकतो.

प्रश्न : पिकअपच्या हौद्यात खताची पोती, कधी ऊस, कधी दुधाचे कॅन असतात. रंग टिकत नाही. (शिरोळ)

इथे डांबरी कोटिंग कामाचं नाही, पोती ओढली की सोलून निघेल. दोन घटकांचं पॉलियुरेथेन बेड लायनर, म्हणजे हौद्यासाठीचं जाड, चिवट कोटिंग, घ्या. सांडलेलं खत हवेतली ओल ओढतं आणि क्षारांसारखं पत्रा खातं, म्हणून आधी हौदा भरपूर पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवा. मग ८० ते १२० नंबरच्या पेपरने सगळी चकाकी मारा. लायनर सुटण्याचं सर्वांत मोठं कारण गुळगुळीत राहिलेला जुना रंग हेच असतं. उघड्या लोखंडावर इपॉक्सी प्रायमर द्या.

बेस आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच घ्या, अनेक मालांत ते ३ ला १ असतं. अंदाजाने ओतू नका. हार्डनर कमी पडला तर थर कायम मऊ राहतो. हार्डनर ओलाव्याशी प्रक्रिया करून वायू सोडतो, त्यामुळे दमट हवेत थरात बुडबुडे धरतात. त्याची वाफ फुप्फुसांना घातक आहे. साधा कापडी मास्क चालत नाही, ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क आणि मोकळी जागा लागते. दमा असणाऱ्याने हे काम करूच नये. हलका माल दुसऱ्या दिवशी ठेवता येतो, पण उसाचा भार आठवडाभर नको. दाणेदार फिनिश जास्त खरखरीत घेऊ नका, सांडलेलं दूध त्या खाचांत आंबतं.

प्रश्न : इलेक्ट्रिक गाडीला कोटिंग करावं का? (कागल)

बॅटरीच्या पेटीवर, उच्च दाबाच्या विजेच्या नारिंगी केबलवर आणि त्यांच्या कनेक्टरवर काहीही फवारू नका. पेटीचा ब्रीदर बुजू शकतो, शिवाय दगडाने आलेला पोचा कोटिंगखाली लपतो. कमानींना हरकत नाही, तेही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारून.

प्रश्न : आमच्याकडे ट्रॅक्टर ट्रॉलीला आणि जीपला खालून जळकं ऑइल मारतात. काय वाईट आहे? (राधानगरी)

लोखंडाला थोडे दिवस उपयोग होतो, म्हणून ही पद्धत टिकून आहे. पण तेलाने रबरी बुश आणि होज फुगून मऊ होतात, ब्रेक लायनरवर थेंब गेला तर ब्रेक धरत नाही आणि धूळ चिकटून ओला लगदा तयार होतो. पहिल्या मोठ्या पावसात निम्मं तेल शेतात उतरतं. शिवाय उद्या नीट कोटिंग करायचं ठरवलं तर ते तेल सांध्यांतून काढणं फार अवघड जातं. ट्रॉलीच्या रबर नसलेल्या लोखंडी सांगाड्यासाठी स्वस्तात काही हवं असेल तर लॅनोलिनचा, म्हणजे लोकरीच्या मेणाचा स्प्रे घ्या. तो घट्ट बसत नाही आणि दरवर्षी पुन्हा मारावा लागतो, पण ओल्या दुमडीतही शिरतो. जीपला मात्र वर बोलेरोसाठी सांगितलेलीच पद्धत वापरा.