स्टुडिओ नव्हे, आधी शिकवणारी बघ

अगं, पिलाटेस शिकायला बांद्र्याचा स्टुडिओ भारी की पार्ल्याचा, यात अडकू नकोस. ट्रायल क्लासला गेलीस की शिकवणारीकडे लक्ष दे. रिफॉर्मरवर, म्हणजे स्प्रिंग लावलेला सरकता पाट असलेल्या मशीनवर, झोपवण्याआधी ती कंबर, गुडघे, जुनी दुखणी विचारते का? स्प्रिंग प्रत्येकीला वेगळ्या लावून देते का? रिफॉर्मरला साधारण 4-5 स्प्रिंग असतात. फूटबारवर (पायाकडच्या दांडीवर) पाय ठेवून ढकलताना जितक्या जास्त, तितका जोर जास्त. प्लँकमध्ये (हातापायांवर अंग सरळ ताठ धरताना) मात्र उलटं: स्प्रिंग कमी असली की कॅरेज (तो सरकता पाट) सुळकन सरकते आणि पोटाला खरं काम लागतं. म्हणून सगळ्यांना सरसकट एकच सेटिंग सांगणारी मला पटत नाही. स्प्रिंगचे रंगही कंपनीगणिक बदलतात, तेव्हा ‘लाल लाव’ पाठ करू नकोस. हलकी की जड, ते विचार.

सर्टिफिकेट विचारायला लाजू नकोस. पिलाटेसच्या सगळ्या उपकरणांचं पूर्ण प्रशिक्षण साधारण 450 तासांचं असतं. शनिवार-रविवारचं वर्कशॉप म्हणजे ते नव्हे. सुरुवातीचे क्लास एकटीने किंवा दोघी-तिघींत घे, महाग पडले तरी. दहा मशीनच्या गर्दीत तुझे खांदे कानाशी गेलेले कोणाला दिसणार? आणि मोठं पॅकेज घेण्याआधी एकदा संध्याकाळच्या लोकलने तिथवर जाऊन बघ.