गॅट्सबीकडे घोडा नव्हता

प्रश्न : स्कॉट फिट्झजेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ नुकतीच वाचली. गॅट्सबीकडे महाल आहे, गाड्या आहेत, पैसा तर उतू चाललाय. तरी टॉम ब्युकॅननच्या वर्तुळातले लोक त्याला आपल्यात का घेत नाहीत? श्रीमंता-श्रीमंतांत कसली आली दरी? – एक वाचक

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि पुस्तक काढून थेट सहावं प्रकरण उघडलं. ही कादंबरी मी बरीच वर्षं वर्गात शिकवली. मुलं पार्ट्यांच्या वर्णनात रमायची, माझा जीव मात्र याच प्रकरणातल्या एका छोट्या प्रसंगात अडकलेला असायचा.

रविवारची दुपार. टॉम, स्लोन नावाचे गृहस्थ आणि एक बाई घोड्यांवरून रपेट करत गॅट्सबीच्या दारी येतात. गॅट्सबीची कोण धांदल! सिगरेट घ्या, सिगार घ्या, लेमोनेड चालेल? थोडी शॅम्पेन? स्लोनना काहीच नको. दोन पेले पोटात गेल्यावर बाई मात्र खुलतात आणि गॅट्सबीला रात्री जेवायला बोलावतात. तो लगेच तयार. माझ्याकडे घोडा नाही म्हणतो. सैन्यात असताना बसायचो, पण विकत कधी घेतला नाही, गाडीनं मागोमाग येतो. एवढं बोलून तो आत जातो. ‘हा खरंच येतोय की काय!’ म्हणून टॉम चकित होतो आणि तिघं निघूनही जातात. हॅट आणि ओव्हरकोट हातात घेऊन गॅट्सबी दारात येतो, तेव्हा घोडे झाडीआड दिसेनासे झालेले असतात.

दरी आहे ती ही. टॉमचा पैसा घराण्यातला. शिकागोजवळच्या लेक फॉरेस्टहून त्यानं पोलोचे घोडेच्या घोडे पूर्वेकडे आणलेत. गॅट्सबीचा पैसा ताजा, दारूबंदीच्या काळात चोरट्या दारूतून आलेला. १९२२ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर दोघं राहतात समोरासमोर, मध्ये फक्त खाडी. महाल विकत घेता येतो हो, पण ‘या’ म्हणणाऱ्याच्या मनात ‘येऊ नका’ आहे, हे ओळखायला त्या घरांत लहानाचं मोठं व्हावं लागतं. गॅट्सबी बोलावणं खरं मानतो. मला तर त्या चौघांत तोच सभ्य वाटतो.

पण तुम्ही फक्त श्रीमंतांबद्दल विचारलंत, आणि विल्सन राहूनच गेला. न्यूयॉर्कच्या वाटेवरच्या राखेच्या ढिगाऱ्यांतला, ‘राखेच्या खोऱ्यातला’ तो गॅरेजवाला, ज्याच्या बायकोशी, मर्टलशी, टॉमचे संबंध आहेत. दोन लग्नं शेजारी-शेजारी ठेवून बघा. टॉमनं लग्नाच्या आदल्या दिवशी होणाऱ्या बायकोला, डेझीला, साडेतीन लाख डॉलरची मोत्यांची माळ दिली. विल्सन लग्नाला उभा राहिला तो दुसऱ्याकडून मागून आणलेल्या सुटात, आणि हे त्यानं मर्टलला सांगितलंही नव्हतं. एक दिवस तो घरी नसताना सुटाचा मालक दारात आला. तिनं सूट देऊन टाकला आणि दुपारभर रडत पडली. टॉमपाशी ती का जाते, हे मला या एका दुपारीच कळतं.

शेवटी गॅट्सबीची गाडी डेझी चालवत असते, त्या गाडीखाली येते मर्टल. गाडी गॅट्सबीची, म्हणून विल्सन त्यालाच मारतो, मग स्वतःला. ही गोष्ट सांगणारा निक डेझीच्या घरी फोन करतो तर कळतं, ती आणि टॉम सामानसुमान घेऊन दुपारीच निघून गेलेत. पत्ता? ठेवलेला नाही.